खेड्यात नेटवर्क मार्केटिंगचा धंदा खरंच उभा होते का? ज्यानं केला त्यानंच सांगा

घाटंजीचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. बीए झालं, भरतीचे फॉर्म भरून भरून थकलो, घरी पाच एकर वावर हाय, कपाशी अन् तूर. माह्या मावसभावानं दिवाळीपासून एका कंपनीचा आयडी, म्हंजे सभासद नंबर, घेतला हाय अन् आता रोज माह्या मागं लागून राह्यला की तू बी घे. यवतमाळले एका हॉलमधे मीटिंगले नेलं, सूटबूटवाले आले, बोर्डावर गोल गोल काढले, तू माणसं जोड, ते आणखी जोडतीन, त्याईच्या खरेदीवर तुले कमिशन, दोन वर्षात महिन्याले लाखाचा चेक म्हणे. जॉइनिंगले पैसे लागत नाही पण ८ हजाराचा माल घ्या लागते.
हे चोर हायेत का साव, त्याच्यावर इथं आधीच लय धागे झाले, ते नका उकरू. मले एवढंच पाह्यजे की आपल्यासारख्या खेड्यात राहून हा धंदा खरंच उभा करता येते का, अन् कोणी केला असंन तर कसा केला. सेमिनारमधलं पाठांतर नका सांगू, ते मी ऐकून आलो.

संत्रानगरी
झाला आमचा भौ डायमंड, कंपनीतला मोठ्या रँकवाला. वरुडले आला की टाय घालून ये बाप्पा, उन्हात बरा दिसशीन.

डायमंड_माइंडसेट
घाटंजीकर भाऊ, पहिलं काम म्हणजे असल्या निगेटिव्ह लोकांपासून दूर राहा. मी नागपूरला राहतो, मूळ गाव हिंगणघाटकडे. सिस्टम एकदम सिंपल आहे, १०० नावांची लिस्ट करा, नातेवाईक मित्र शाळासोबती, सगळ्यांना प्लॅन दाखवा, १०० मधले १० जॉइन होतात, १० मधले २ सिरीयस निघतात, ते दोघं तुमचं आयुष्य बदलतात. प्रॉडक्ट विकायचं टेन्शन घ्यायचंच नाही, प्रत्येक जण स्वतःच्या घरी वापरतो आणि टीम वाढत जाते. नोकरीत बॉस श्रीमंत होतो, इथं तुम्ही स्वतः बॉस. स्वप्न मोठं ठेवा.

संत्रानगरी
विकाचं टेन्शन नाही म्हंजे दुकानदार म्हणते गिऱ्हाईक नको.

मी_आर्णीची
भाऊ तुम्ही करणाऱ्याले विचारलं म्हणून लिहून राह्यली, नाहीतर या विषयात पडत नाही मी. मी करते हे काम. बरीच वर्षं झाली. कंपनीचं नाव नाही सांगत, सांगतलं की लोक म्हणतीन जाहिरात करून राह्यली. लाखाचा चेक कधीच आला नाही अन् येणार बी नाही, पण घरचा किराणा अन् पोरीच्या कॉलेजचा बसपास याच्यातून निघते अन् बुडवून बसली नाही, एवढं खरं.
आता कसं ते सांगते. गोल काढणारे लोक तुम्हाले माणसं मोजाले शिकवते, मी घरं मोजते. माह्याजवळ एक दोनशेपानी वही हाय, एका घराले एक पान. त्या पानावर काय नेलं, कोणत्या तारखेले नेलं, घरात खाणारे किती, अन् ते कधी संपन. टूथपेस्टची मोठी ट्यूब पाच माणसाच्या घरी महिनाभर काही पुरत नाही, मग विसाव्या बाविसाव्या दिवशी मीच फोन करते, वहिनी पेस्ट संपत आली असंन ना. तिले वाटते हिले बरं आठवण राह्यली. आठवण बिठवण काही नाही, वहीत लिहिलेलं हाय. एकदा घर लागलं की ते वर्षानुवर्ष घेते, त्याले आमच्यात री-परचेस म्हणते, अन् खरा पैसा तिथंच हाय.
माल मोजून सहा-सातच ठेवते. कपड्याची पावडर, भांड्याचं लिक्विड, पेस्ट, पॅड, टोंगळ्याले लावाचं तेल, अन् थंडीत मॉइश्चरायझर. जे महिन्यात संपते तेच. कंपनीच्या यादीत तर लय काही हाय, हजार-दोन हजाराचे पावडरचे डबे, वॉटर प्युरिफायर, ते मी घरात आणत नाही. पावडरचा डबा एकदा विकल्या जाते तुमच्या भिडेखातर, दुसऱ्यांदा ती बाई तुम्हाले पाहून दार लोटून घेते.
लिक्विडची एक अडचण सांगते. आपल्याइकडे भांड्याची वडी १० रुपयाले किराणात भेटते, अन् आपली बाटली २०० ची. तोंडानं किती बी सांगा की हे घट्ट हाय, पुरते, कोणी ऐकत नाही. मी शेजारणीच्या न्हाणीपाशी बसून तिच्याच कढईवर दाखवते, तीच कढई जिच्यात काल भरीत झालं. चार थेंब पाण्यात, अन् घासा म्हणते तुम्हीच. मग ती विचारते किती दिवस जाते वो. तेव्हा बाटलीचा भाव सांगते, आधी नाही. सुटं विकू नका पण, लोक मागते गिलासभर द्या म्हणून, लेबल गेलं की उद्या हात खाजला तरी तुमच्यावर येते.
सगळ्यात मोठी गोष्ट राह्यलीच. कंपनीचा प्लॅन महिन्यावर चालते, आपल्या गावातला पैसा हंगामावर चालते. कंपनी म्हणते दर महिन्याले इतका पीव्ही, म्हंजे खरेदीचे पॉइंट, झाला तर आयडी ॲक्टिव्ह. अन् आपल्याइकडे जून-जुलैत सगळा पैसा पेऱ्यात गेलेला असते, बियाणं, खत, निंदण, घरात आंगावरचा साबण बी पुरवून वापरते. सोयाबीन निघालं की जराक हात मोकळा, कापूस विकल्या गेला की मग खरी खरेदी, संक्रांतीच्या वाणापर्यंत जोरात. मी उधारी बी त्याच हिशोबानं देते, कापसावर देते, पण वहीत आकडा ५०० च्या वर गेला की बंद. अन् जूनमधे मी माल भरतच नाही. रँक गेली तर गेली. माह्यासंगच्या दोघी-तिघी रँक टिकवाले फायनान्सवाल्याईपासून हप्त्यावर पैसे घेऊन माल उचलत गेल्या, त्याईच्या पलंगाखाली आजही खोके हायेत.

घाटंजीचा_पोट्टा
ताई लय बेस सांगतलं. पण मंग टीमचं काय, टीम नाई केली का तुमी?

मी_आर्णीची
केली ना, पण थोडी. जी बाई माह्यापासून वर्षभर माल घेते अन् स्वतःहून म्हणते की माह्या माहेरी बी लोक मागून राह्यले, तिलेच आयडी काढून देते. अन् ते बी दुसऱ्या गावची पाह्यजे. आपल्याच गावात आयडी वाटले तर आपलंच गिऱ्हाईक कापल्या जाते, हे साधं गणित मीटिंगमधे कोणी सांगत नाही. खेड्यात एका गावात किती घरं असते अन् त्यातले निम्मे तर आपले सोयरेच. सासू, जाऊ, नणंद, झाली तुमची लिस्ट.

हिशोबनीस
वर्ध्यात कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो, दरवर्षी जुलैमध्ये या धंद्यातले लोक रिटर्न भरायला येतात म्हणून थोडंफार दिसतं. ताईंनी घरांचं सांगितलं त्याला आकडे जोडतो, आकडे माझे अंदाजाचे आहेत, तुमच्या कंपनीचे टाकून बघा.
समजा ४० घरं लागली आणि प्रत्येक घर महिन्याला ३०० चा माल घेतंय. म्हणजे १२,००० ची विक्री एमआरपीने. तुम्हाला तो माल १०,००० ला पडला असेल तर हातात २,००० राहिले, वर स्वतःच्या खरेदीवरचा बोनस समजा ५ टक्के म्हणजे ५००. त्यातून पेट्रोल, फोन आणि अडकलेली उधारी वजा करा. म्हणजे ४० घरांवर महिन्याला दीड-दोन हजार. हे वाईट नाही, पण हे आहे एवढंच आहे. पाच हजार पाहिजे असतील तर शंभराच्या वर घरं लागतात आणि तेवढी घरं सांभाळायची म्हणजे तो पूर्ण वेळचा फेरीचा धंदा झाला.
आता बोर्डावरचे गोल. तुम्ही ६ आणा, ते ६ प्रत्येकी ६ आणतील. ६, ३६, २१६, १२९६, इथपर्यंत एक बऱ्यापैकी गाव लहानमोठ्या माणसांसकट संपलं. पाचव्या पायरीला ७,७७६, सहाव्याला ४६,६५६. नवव्या पायरीला एक कोटीच्या वर आणि दहाव्याला सहा कोटी. २०११ च्या जनगणनेत सगळ्या विदर्भाची लोकसंख्या २ कोटी ३० लाखाच्या आसपास होती, पाळण्यातली पोरं धरून. आणि कोणत्याही क्षणी बघा, सगळ्यात खालच्या पायरीवर वरच्या सगळ्यांच्या बेरजेच्या पाचपट माणसं बसलेली असतात, त्यांच्याखाली कोणी नाही. म्हणजे जॉइनिंगच्या जोरावर चालणाऱ्या झाडात बहुसंख्य लोक कायम शेवटच्याच पायरीवर राहणार, त्यांनी मेहनत करो की न करो. हे नशिबाचं काम नाही, गुणाकाराचं आहे.

डायमंड_माइंडसेट
सर तुमचं गणित बरोबर पण प्रॅक्टिकल नाही. सगळे जॉइन होतच नाहीत, म्हणून मार्केट कधी सॅच्युरेट होत नाही. रोज नवीन मुलं १८ वर्षांची होतात.

हिशोबनीस
सगळे जॉइन होत नाहीत हेच तर म्हणतोय. म्हणजे तुमची सहा जणांची साखळी तिसऱ्या पायरीलाच तुटते, दहाव्यापर्यंत जायची गरजच पडत नाही. बोर्डावर मात्र ती पूर्ण दाखवतात.
घाटंजीकर, मावसभावाला विचारा प्लॅन बायनरी आहे का. बायनरीत दोन पाय असतात, डावा-उजवा, आणि पैसा मिळतो तो दोन्हीच्या मॅचिंगवर, म्हणजे जो पाय कमजोर त्याच्या हिशोबाने. वरचा माणूस म्हणतो काळजी करू नको, तुझ्या एका पायाखाली मीच माणसं लावून देतो. लावतोही. तो पाय फुगतो, स्क्रीनवर आकडे पाहून छाती फुगते, पण पैसा दुसऱ्या पायावर अडलेला असतो आणि तो दुसरा पाय तुम्हालाच बांधायचा असतो. वर आठवड्याचं कॅपिंग, म्हणजे कमाईची कमाल मर्यादा, असतं. काही ठिकाणी मॅच न झालेला आकडा ठरावीक काळाने शून्य होतो. हे तीन प्रश्न विचारले की समोरच्याला प्लॅन कळलाय की नुसता पाठ आहे ते लगेच समजतं.

वावरातला_माणूस
आमच्या दर्यापूरकडे तं आता साबण-पेस्ट मागं पडलं अन् फवारणीचं स्टिकर सुरू झालं. म्हंजे पंपात टाकाचं थे, औषध पानावर पसरते चिकटते म्हणे. थे चालते बी, खोटं काऊन बोलू, मी सोताच वापरतो, पावसाच्या सरीत औषध धुवून जात नाई लवकर. पण त्याच्यासंगं थे पोट्टे आता बोंडअळीचं 'जैविक', हुमणीचं 'जैविक', झाडाची वाढ डबल करणारं अमुक टॉनिक असं काईबी घेऊन येते, अन् एका बाटलीचे १२००. आमच्या गावात एका जणानं सोयरा म्हणून घेतलं, बोंडअळी तशीच, बोंड फोडून पाह्यलं तं आत गुलाबी अळी मजेत बसेल. आता सोयऱ्याले काय म्हणाव? कृषी केंद्रवाल्याशी भांडता येते, बिल असते त्याचं.
भौ तू वावरवाला हायेस म्हणून तुले हेच विकाले सांगतीन पाह्य. इचार करून घे. कीटकनाशक विकाले परवाना लागते, १९६८ चा कायदा हाय त्याले. खताले १९८५ चा खत नियंत्रण आदेश हाय अन् हे जे वाढवणारे टॉनिक असते ना, बायोस्टिम्युलंट म्हणते त्याले, थे बी २०२१ मधे त्याच आदेशात घातले. तालुक्याचा कृषी अधिकारी घरी आला तं तुहा अपलाइन, म्हंजे तुले जोडणारा वरचा माणूस, नागपुरातून येत नाई सोडवाले. २०१७ मधे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली तेव्हापासून आमच्याइकडे तं लोक बाटलीवरचं वाचल्याशिवाय झाकण उघडत नाई.

संत्रानगरी
मस्करी सोडून एक सांगतो, स्टिकर विकाचं असंन तर ज्याच्या पंपात पहिलं टाकलं त्याच्या धुऱ्यावर दुसऱ्या दिवशी जाऊन उभं राह्य. तो बोलला तर पूर्ण शिवारात बोलते. संत्र्याच्या बागाईत असंच चालते, कंपनीच्या पत्रकापेक्षा शेजारचं झाड पाहून लोक घेते.

झाडीपट्टी_७
मी कुरखेड्याकडचा. आमच्याइकडे तुमच्या साबणाले कोणी विचारत नाही, आमच्याइकडे 'आरोग्य' विकते. ज्यूसच्या बाटल्या, कॅप्सूल, प्रोटीनचे डबे. अन् विकणारा डॉक्टरच्यावर बोलते. शुगर जाते, बीपी जाते, टोंगळे जाते. मागच्या साली एक जण आला, सिकलसेलवाल्या पोराच्या माय-बापाले म्हणते या ज्यूसनं रक्त बदलते, तीन महिन्याचा कोर्स करा. त्याईनं धान विकून घेतला. पोराच्या दवाखान्यातल्या गोळ्या बंद करायला लावल्या होत्या त्यानं, आशाताईले कळलं म्हणून बरं झालं, ती त्या माणसावर अशी धावली की तो गाडी चालू करून पळाला. पुन्हा दिसला नाही.
अशानं धंदा उभा होत नाही, अशानं गाव बंद होते. आता आमच्या गावात खरा माल घेऊन कोणी आला तरी चहा बी विचारत नाही लोक.

मी_आर्णीची
ऐकून अंगावर काटा आला. माह्याजवळ टोंगळ्याचं तेल हाय पण मी तोंडातून 'दुखणं बरं होते' असं काढत नाही, चोळल्यावर बरं वाटते एवढंच म्हणते. म्हातारी माणसं सोताच विचारते याच्यानं वाटी बदलाची राहीन का, नाही म्हणते मी, डॉक्टरले दाखवा.

निवृत्त_गुर्जी
उशिरा आलो, सगळं वाचून काढलं. कायद्याचा भाग कोणी नीट मांडला नाही म्हणून लिहितो, वकील नाही, ग्राहक पंचायतीच्या कामात होतो.
आधी झाडीपट्टीवाल्या भाऊंच्या विषयाबद्दल. १९५४ चा औषधी व जादूचे उपाय यांच्या जाहिरातींचा कायदा आहे, मधुमेह, कर्करोग यासारखे यादीतले आजार बरे करतो अशी जाहिरातच करता येत नाही. आणि त्या पावडरच्या डब्यावर बारीक अक्षरात औषधी वापरासाठी नाही असं छापलेलं असतं, कारण अन्नसुरक्षेच्या नियमाने ते छापावंच लागतं. विकणारा त्या ओळीवर अंगठा ठेवून डबा दाखवतो. अंगठा बाजूला करायला लावा.
आता मूळ धंदा. १९७८ मध्ये पैशाच्या फिरत्या योजनांवर बंदीचा केंद्रीय कायदा आला, माणसं जोडली की पैसा अशी योजना त्यात बसते आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गंमत म्हणजे माणसं जोडणाऱ्यालाही तो लागतो, फक्त कंपनीच्या मालकाला नाही. पुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे, म्हणजे दुकानाशिवाय विक्रेत्यांमार्फत माल विकण्याच्या या धंद्याचे, नियम आले. त्यात पिरॅमिड योजनेला, म्हणजे मालावर नाही तर माणसं जोडण्यावर चालणाऱ्या योजनेला, स्पष्ट मनाई आहे. थेट विक्री कायदेशीर आहे हेही त्यातच आहे, म्हणून सरसकट सगळ्यांना चोर म्हणणंही बरोबर नाही. जॉइनिंग फी घ्यायची नाही आणि नुसतं माणूस आणल्याबद्दल पैसा द्यायचा नाही हे त्याआधीच्या २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच होतं. आता 'फी नाही पण ८ हजाराचा माल घ्या' ही त्यावरची पळवाट आहे की खरी विक्री, हे ओळखायची खूण एकच, तो माल घरातल्यांशिवाय बाहेरचं कोणी स्वखुशीने विकत घेतं का.
अमेरिकेत हाच वाद १९७९ मध्ये अ‍ॅमवे या थेट विक्रीच्या कंपनीच्या केसमध्ये तिथल्या व्यापार आयोगापुढे झाला. कंपनी पिरॅमिड ठरली नाही, त्यामागे तिचे जे नियम होते ते बघण्यासारखे आहेत. घेतलेल्या मालातला ७० टक्के खपवल्याशिवाय पुढचा बोनस नाही, महिन्याला दहा गिऱ्हाइकांना विक्री दाखवायची आणि सोडून जाणाऱ्याचा माल परत घ्यायचा. आर्णीच्या ताई वहीत जे करतात ते यापेक्षा फार वेगळं नाही, फक्त ताईंना कोणी आयोगाने सांगितलं नाही.
आणि ताई, तुम्हाला एक. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही असं २०२१ च्या नियमात आहे. गावात हे कोणी पाळत नाही, पण शेजारच्या गावी जाताना गळ्यात कार्ड असू द्या.

मी_आर्णीची
कार्ड हाय गुर्जी, पर्समधे असते. गळ्यात घातलं तर लोक लोनवाली आली म्हणून लपते.

डायमंड_माइंडसेट
एवढे सगळे ज्ञानी लोक आहेत तर कोणी स्वतःचा चेक दाखवा. आमच्या टीममध्ये चार जणांनी बँकॉक टूर केली, एकाने गाडी घेतली. रिझल्ट बोलतो.

हिशोबनीस
टूरचं बोलला म्हणून बरं झालं. जुलै २०२२ पासून अशा टूर, गाडी, मोबाइलच्या किमतीवरसुद्धा वर्षाला २० हजाराच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा कर, आहे. म्हणजे बँकॉकचा खर्च तुमच्या उत्पन्नात धरला जातो. माझ्याकडे एक जण आला होता, हातात रोख काही नाही, कमिशन जेमतेम आणि टूरमुळे उत्पन्न फुगलेलं. त्याला पटतच नव्हतं की फिरायला नेलं त्याचाही कर असतो. कमिशनवरचा टीडीएस आधी ५ टक्के होता, ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के झाला, पण पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात. खेड्यात पुष्कळ बायांचा आयडी नवऱ्याने काढलेला असतो आणि पॅन जोडलेलाच नसतो. रिटर्न भरलं तर हा कापलेला पैसा बऱ्याच जणांना परत मिळू शकतो, कोणी भरतच नाही.
आणि गाडी. कंपनी गाडी देत नाही, बहुतेक ठिकाणी हप्त्याला हातभार लावते, तोही रँक आहे तोवर. रँक घसरली की हप्ता तुमचा. आरसी वरती कोणाच्या नावाचा बोजा आहे ते विचारून बघा टीमवाल्यांना.

डायमंड_माइंडसेट
प्रत्येक धंद्यात रिस्क असते. किराणा दुकान टाकलं तरी लाख-दोन लाख जातात. इथं ८ हजारात धंदा सुरू होतो.

वावरातला_माणूस
हे बराबर बोलला बाप्पा. पण किराणावाला आपल्या गिऱ्हाइकाले म्हणत नाई की तू बी दुकान टाक.

मी_आर्णीची
डायमंड भाऊंले वाईट नका बोलू, त्याईले जे शिकवलं ते बोलते. मी बी मीटिंगले जाते, शिकाले भेटते, चार माणसात उभं राहून बोलता यायला लागलं ते तिथंच. माह्या नणंदेनं तर कधी कोणासमोर तोंड उघडलं नव्हतं, आता ग्रामसभेत बोलते. ते खरं हाय. फक्त नागपूरची मीटिंग म्हंजे आठशे-हजार जाते एका माणसामागं, तिकीट, बस, जेवण, म्हणून मी वर्षातून एकदा जाते, दर महिन्याले नाही. अपलाइन रागावते. रागावू दे.
अन् बचत गटात हे घुसवू नका कोणी. गटाच्या बैठकीत बायाईचा हप्ता जमा होते, तिथं बाटल्या काढून बसलं की ज्या बाईले नाही म्हणता येत नाही ती गटातूनच उचल घेऊन माल घेते, मंग माल पडते अन् गट फुटते. आमच्या बाजूच्या गावात झालं हे. मी बैठक संपून सगळ्या बाया उठल्यावर, ज्यानं मागतलं त्याच्याच घरी जाते.

घाटंजीचा_पोट्टा
सगळ्याईले धन्यवाद. एक शेवटचं. समजा घेतला ८ हजाराचा माल अन् नाई जमलं तर वापस होते का? मावसभाऊ म्हणते होते, पण कसं थे त्याले बी माहीत नाई.

निवृत्त_गुर्जी
करार झाल्यावर ठरावीक मुदतीत कारण न देता माघार घेता येते, नियमात त्याला कूलिंग ऑफ म्हटलंय, मुदत करारात लिहिलेली असायला हवी. सील न फोडलेला, विकण्याजोगा माल परत घेण्याचीही अट असते. मावसभावाला नको, करारपत्रालाच विचारा. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव, फोन, ईमेल असलं पाहिजे, तक्रारीची पोच ४८ कामकाजाच्या तासांत आणि निकाल साधारण महिन्याभरात असा नियम आहे. नाहीच झालं तर १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. पण बिल पाहिजे हातात. आणि पैसे कंपनीच्या खात्यात गेले पाहिजेत, अपलाइनच्या फोन पे वर नाही. फोन पे वर गेलेल्या पैशाची तक्रार घेऊन आलेले लोक मी पुष्कळ पाहिले, त्यात पुढं काही होत नाही.

संत्रानगरी
अन् सील फोडून घरच्यांईले वास घेऊ देऊ नको. माह्या भाचीनं परफ्युम फोडला अन् पूर्ण डब्बा आमच्याच गळ्यात.

घाटंजीचा_पोट्टा
आज मावसभावाच्या घरी गेलो होतो. करारपत्र ॲपमधे हाय, पूर्ण इंग्रजीत, त्यानं तं उघडलंच नव्हतं कधी. वाचत वाचत गेलो तं माघारीची मुदत ३० दिवसाची निघाली, त्याचे तं ते दिवस कवाच सरले. प्लॅन बायनरीच हाय, अन् त्याचा एक पाय भरेल अन् दुसऱ्यात तो, त्याची बायको अन् मावशी. बिल मागतलं तं अर्ध्याचं हाय, अर्धे पैसे अपलाइनले ऑनलाइन टाकले होते.
आयडी नाई घेतला मी. पण एक ठरवलं. त्याच्या घरी आठ-दहा पेस्ट, कपड्याच्या पावडरचे सहा पुडे अन् चार प्रोटीनचे डबे पडून हायेत. म्हटलं आण इकडे, मी विकून पाह्यतो, नफा अर्धा अर्धा. ताईसारखी वही केली, आमच्या आळीतली घरं लिहून काढली. आई म्हणते सगळ्यात पहिलं मलेच दे पावडर, एक घर तं लागलं म्हणा, पण आईपासून पैसे घ्याचे का नाई हे काई समजून नाई राह्यलं.

मी_आर्णीची
घ्याचे. अन् वहीत लिहाचे. प्रोटीनच्या डब्याच्या बुडाले एक्सपायरी छापेल असते, ते आधी पाह्य, दिवाळीत घेतलेला माल हाय तो.